शाळेचा संगणक ‘नादुरुस्त’ लिहिण्याआधी एसएमपीएस तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून महिना आला की शाळांतल्या संगणक कक्षांची कुलपं निघतात आणि ‘निम्मे बंद आहेत’ अशी ओरड सुरू होते. मग जिल्हा पानावर ‘लाखोंचे संगणक धूळ खात’ ही बातमी फोटोसकट येते. बातमी खोटी नसते. पण फोटोतल्या त्या डब्यांना नेमकं झालंय काय, हे कुणी विचारत नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिल्पनिदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून वाई-जावळीकडच्या शाळांतून बोलावणं आलं की मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जातो. त्या अनुभवावरून सांगतो, यातले बरेच संगणक मेलेले नसतात. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचा एसी घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवणारा डबा, तेवढा गेलेला असतो. चार स्क्रू काढले की तो बाहेर येतो.

परवा एका हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांनी मला कोपऱ्यात रचलेले डबे दाखवले. दुरुस्तीवाल्याने ‘मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) गेलाय, पार्ट मिळत नाही’ असं लिहून दिलेलं होतं आणि निर्लेखनाचा, म्हणजे संगणक निकामी ठरवून नोंदीतून काढण्याचा, प्रस्ताव टाइप होऊन टेबलावर होता. त्या गृहस्थाने एकही डबा उघडला नव्हता, कारण मागच्या स्क्रूंवरची धूळ जशीच्या तशी होती. एक डबा घेतला, वायर लावली, माउस जोडला. माउसखाली लाल उजेड नाही. संगणक बंद असला तरी भिंतीचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देत असतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. बऱ्याच मदरबोर्डांवर माउसचा दिवा तेवढ्यावरही लागतो. लागला नाही म्हणून लगेच एसएमपीएसवर खापर फोडू नये, पण संशयाची पहिली जागा तीच.

मग एसएमपीएसची सगळी कनेक्टरं काढली. २४ पिनांच्या कनेक्टरात हिरवी वायर एकच असते. भिंतीचा स्विच बंद ठेवून ती शेजारच्या काळ्या वायरला कागदाच्या पिनेने जोडली आणि मग स्विच दाबला. चांगल्या एसएमपीएसचा पंखा यावर फिरायला लागतो. इथे काहीच नाही. जांभळ्या वायरवर मीटर लावला तर ५ च्या जागी जेमतेम २ व्होल्ट. दुसऱ्या चालू संगणकाचा एसएमपीएस तात्पुरता लावला आणि ‘गेलेल्या’ मदरबोर्डने निमूटपणे पडद्यावर चित्र दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘सर, आता प्रस्तावाचं काय करायचं?’ त्यांची अडचण मला कळते. निर्लेखनाला नमुना आहे, समिती आहे. दुरुस्तीला मात्र पैसे कुठल्या शीर्षातून काढायचे, यावर लिपिक आणि मुख्याध्यापक दोघेही डोकं खाजवत बसतात.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असंही समजू नये. पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट हवेत, आणि त्यात पाच टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. म्हणजे पिवळ्यावर ११.४ च्या खाली आलं की तो कामातून गेला. राखाडी वायर ‘पॉवर गुड’ची. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की तिच्यावर ५ व्होल्ट येतात, ते आल्याशिवाय मदरबोर्ड कामाला लागत नाही. सुटा असताना एसएमपीएस चालतो आणि जोडला की बसतो, असं झालं तर दोष पुढे कुठेतरी शॉर्टचा असू शकतो. हार्ड डिस्क काढून बघा, मग बाकीचं एकेक.

हे इतके एसएमपीएस उन्हाळ्यातच का जातात? भुताटकी नाही. सुट्टी लागते, कक्षाला कुलूप लागतं आणि भिंतीवरचा मेन स्विच चालूच राहतो. स्टँडबायचं सर्किट दीड महिना पत्र्याखालच्या उकाड्यात रात्रंदिवस चालू. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, आधीच स्वस्तातले, ते आतून सुकतात, टोपी फुगते. मग मे महिन्यात वळीव येतो, वीज जाते-येते, आणि कुठे लाइनवर न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब चढतो. अशा वेळी अख्ख्या कक्षातले एसएमपीएस एका दणक्यात जातात. फ्यूज उडतो, जळका वास येतो. झुरळं आणि पाली आत शिरून शॉर्ट करतात ते वेगळंच. जुन्या एसएमपीएसवर मागे ११५-२३० लिहिलेला लाल स्विच असतो. तो एखाद्या चिरंजीवाने गंमत म्हणून ११५ कडे सरकवला आणि संगणक चालू केला की फट्‌ आवाज ठरलेला. त्या स्विचवर चिकटपट्टी लावून टाका.

अर्थिंगबद्दल मात्र मी जरा चिडूनच लिहितो. ‘सर, डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात’ हे मुलं सांगतात आणि शिक्षक त्यांना चपला घालून बसायला सांगतात! एसएमपीएसमध्ये शिरतानाच्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. मी एका कक्षात ६० च्या वर पाहिलं आहे. अर्थची वायर खड्ड्यापर्यंत गेलेलीच नव्हती, खिडकीबाहेर गुंडाळी करून टांगलेली होती. काम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र फाइलला होता. आणि खड्डा असला तरी एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी कोण ओततं?

आता खरेदी. दुकानात पाच-सहाशेला मिळणाऱ्या एसएमपीएसवर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं. खालचा बारीक तक्ता वाचा. १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर असतील तर गुणाकार १६८ येतो, आणि हल्लीचा संगणक मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतो. ग्राफिक कार्ड नसलेल्या शाळेच्या संगणकाला शंभरेक वॅट पुरतात, म्हणजे तेवढ्यानेही भागेल. पण जो लेबलावरच फसवतो तो आत फिल्टर आणि संरक्षणाचे भाग घालतो का? बहुतेक वेळा त्यांच्या जागा बोर्डावर छापलेल्या आणि रिकाम्या दिसतात. दोन-अडीच हजारांत ‘८० प्लस’ खूण असलेला चांगला मिळतो. ही खूण कार्यक्षमतेची आहे, टिकाऊपणाची नव्हे, हे खरं. तरी ती मिळवायला आत थोडा बरा माल घालावा लागतो. जुना एसएमपीएस बरोबर घेऊन जा. नेहमीच्या, म्हणजे एटीएक्स मापाच्या एसएमपीएसचा आकार १५० बाय ८६ मिलिमीटर आणि खोली १४० असते, बारक्या कॅबिनेटचा वेगळा. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत कनेक्टरच निराळे येतात, तिथे बाजारातला एसएमपीएस अंदाजाने ठोकू नये. कनेक्टर बदलून ग्राहकाला स्वतःच्याच दुकानाशी बांधून ठेवण्याच्या या सवयीवर सरकारने हात घालायला हवा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं, पण पोर्टलने कनेक्टर बदलत नाहीत.

बसवताना लोक हमखास विसरतात ते प्रोसेसरजवळचं चार पिनांचं छोटं कनेक्टर. ते राहिलं की पंखे फिरतात, पडदा काळाच, आणि पुन्हा ‘मदरबोर्ड गेला’. एक ताकीद मात्र देतो. एसएमपीएसचा डबा बदला, उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी काही वेळ राहू शकतो. त्याचं काम शिकलेल्या माणसाचं. गेलेला एसएमपीएस भंगारवाल्याच्या हातगाडीवरही टाकू नये. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच तो जायला हवा.

शिक्षण विभागाला माझी विनंती फार मोठी नाही. प्रत्येक केंद्रशाळेत एक चालू, चांगला एसएमपीएस आणि एक मल्टिमीटर ठेवा. मुख्याध्यापकांना तीन हजारांपर्यंतची संगणक दुरुस्ती स्वतःच्या सहीने करू द्या. जवळच्या आयटीआयची मुलं प्रात्यक्षिक म्हणून तपासणीला येतील, त्यांनाही काम मिळेल. आणि निर्लेखनाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: ‘दुसरा एसएमपीएस लावून पाहिला काय? तपासणाऱ्याचे नाव व सही.’

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, वाई (जि. सातारा)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)