कोकण किनाऱ्याचा धोका ठरवताना 1945 ची त्सुनामी विचारात घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

त्सुनामीचा धोका पूर्व किनाऱ्याला, कोकणाला नाही, हा समज 2004 च्या हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर अधिकच दृढ झालेला दिसतो. प्रत्यक्षात 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे बलुचिस्तानातील पसनीजवळ मकरान किनाऱ्यालगत सुमारे 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यातून उठलेल्या लाटा त्याच सकाळी मुंबईला पोहोचल्या. मुंबईत लाटांची उंची सुमारे दोन मीटर होती आणि माणसे वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. अपोलो बंदरातील भरतीमापकाच्या आलेखातही ही त्सुनामी उमटली आहे. त्या आलेखांच्या अलीकडच्या अभ्यासातून असे दिसते, की पहिली लाट ओसरल्यावरही पाणी तासन्‌तास हेलकावत राहिले, कारण उथळ आणि रुंद समुद्रबूड जमिनीवर (किनाऱ्यालगतच्या पाण्याखालील सपाट भूभागावर) लाटांची ऊर्जा किनाऱ्यालगतच अडकून पडते. पहिल्या लाटेनंतर लोकांना किनाऱ्यावर परत कधी जाऊ द्यायचे, हा निर्णय अशाच नोंदींच्या आधारे घ्यावा लागेल. शिवाय मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटर असतो. दोन मीटरची लाट ओहोटीला आली की ऐन भरतीला, यावर पाणी कुठवर शिरणार हे ठरते. एकट्या 1945 चा अनुभव कमाल मर्यादा मानणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

उपकरणांच्या नोंदी जेमतेम शे-सव्वाशे वर्षांच्या आहेत, तर एकाच प्रस्तरभंगावरील (भूकवचातील भेगेवरील) दोन महाभूकंपांमध्ये अनेक शतके जाऊ शकतात. जपानमध्ये इ. स. 869 च्या जोगान त्सुनामीचे वर्णन जुन्या इतिहासग्रंथात होते आणि सेंदाईच्या मैदानात आतवर पसरलेला तिचा वाळूचा थर संशोधकांनी 2011 च्या त्सुनामीपूर्वीच दाखवून दिला होता. तरीही फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पासाठी सुमारे 5.7 मीटर उंचीची लाट गृहीत धरली गेली आणि प्रत्यक्षात पाणी 14-15 मीटरपर्यंत चढले. पुरावा हाताशी असूनही तो वेळेत आराखड्यात उतरला नाही, ही गोष्ट फार क्लेशदायक आहे.

आपल्याकडेही धागे आहेत. 1524 मध्ये दाभोळजवळ वास्को द गामाच्या ताफ्याला समुद्र अचानक खवळल्याचा अनुभव आल्याचे पोर्तुगीज लेखनात नमूद आहे. ती त्सुनामी होती की केवळ भूकंपाचा समुद्रावर जाणवलेला धक्का, हे कागदांवरून ठरणार नाही. त्यासाठी खाड्यांमधील गाळाचे उभे नमुने काढून वाळूच्या थरांचे वय तपासावे लागेल. वादळेही असे थर टाकतात, त्यामुळे हे काम जाणकारांनी सावकाश करण्याचे आहे.

हैदराबादचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र 2007 पासून कार्यरत आहे आणि मकरानहून लाट यायला काही तास लागत असल्याने त्याचा कोकणाला निश्चित उपयोग होईल. मात्र शाळा, रुग्णालये, इंधनसाठे कुठे उभारावेत, हे पूर्वसूचना सांगत नाही. राज्य शासनाने विद्यापीठांच्या भूशास्त्र आणि इतिहास विभागांना एकत्र आणून बंदरांची जुनी दप्तरे, 1945 ची वृत्तपत्रे आणि खाड्यांतील गाळ यांचा अभ्यास हाती घ्यावा, आणि पालघर ते सिंधुदुर्गपर्यंतच्या किनारी जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांत त्याचे निष्कर्ष गावनिहाय नकाशांसह समाविष्ट करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी