खाण गेली, बोगदा अडला. आता हिंगोली तरी सांभाळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या, अवकाशातली सूक्ष्म कंपने म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या बातम्या आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात आणि आम्ही हिंगोली जिल्ह्यातले वाचक त्या आवर्जून वाचतो. त्यांत जमीन, रस्ते, निधी आणि रोजगार यांची चर्चा असते व ती असायलाच हवी. परंतु हा प्रकल्प ज्या संशोधनाच्या कुळातला आहे, त्या कुळाची आपल्या देशात आज काय अवस्था आहे, हे मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. अवकाशातून येणारे विश्वकिरण म्हणजे वेगवान कण, क्ष-किरणांहून जोरकस गॅमा किरण, जवळजवळ कशानेही न अडता आरपार जाणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण यांच्यावरून आणि त्यांच्या जोडीला आता गुरुत्वीय लहरींवरूनही विश्वातल्या प्रचंड घडामोडींचा माग काढणाऱ्या या शाखेला खगोलकण भौतिकी म्हणतात. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली; त्या अनुभवातून काही गोष्टी कळकळीने मांडाव्याशा वाटतात.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दरवर्षी एक मेघपेटी तयार करीत असू. मासे ठेवायची काचेची पेटी, तिच्या तळाशी काळा पत्रा, पत्र्याखाली नांदेडहून थर्माकोलच्या डब्यातून आणलेला कोरडा बर्फ आणि वरच्या बाजूला अल्कोहोलमध्ये भिजवलेली पट्टी, एवढेच साहित्य. खोलीत अंधार करून बाजूने विजेरीचा झोत टाकला की दहा-पंधरा मिनिटांत पेटीच्या तळाशी धुक्याचा पातळ थर बसे आणि त्यातून पांढऱ्या रेघा उमटून विरू लागत. त्यांतल्या सरळ, बारीक रेघांपैकी बऱ्याचशा म्युऑन नावाच्या कणांच्या असतात. विश्वकिरण वातावरणावर आदळले की वर आकाशात हे कण जन्मतात आणि आपल्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन तरी आरपार जात असतात, हे सांगितले की मुले हात मागे घेत. शेतावरून आलेल्या, आदल्या रात्री वीज नसल्याने अभ्यास न झालेल्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसे, ते मी विसरू शकत नाही.

या शाखेत आपण मागून आलेलो नाही. होमी भाभा यांनी जर्मन शास्त्रज्ञ हाइटलर यांच्यासमवेत १९३७ साली विश्वकिरणांच्या वर्षावाचा, म्हणजे एका कणापासून वातावरणात अनेक कण कसे जन्मतात याचा, सिद्धान्त मांडला. कलकत्त्याच्या विभा चौधुरी आणि देबेंद्रमोहन बोस यांनी हिमालयाच्या उंचीवर छायाचित्रणाच्या काचा ठेवून त्यांवर उमटलेल्या कणांच्या खुणा मोजल्या. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, जिथे वरचा खडक इतर कण अडवतो, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानमधल्या ओसाका आणि इंग्लंडमधल्या डरहॅम इथल्या सहकाऱ्यांबरोबर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. त्यांचा निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत हेच काम करणाऱ्या गटाचा निबंध त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने आला.

पुढे १९८० च्या सुमारास प्रोटॉनचा क्षय, म्हणजे अणुकेंद्रातला हा कण कधी आपोआप मोडतो का ते, शोधण्यासाठी कोलारमध्ये १४० टन वजनाचे यंत्र बसवले गेले. जपाननेही त्याच हेतूने कामिओका इथल्या खाणीत ३,००० टन पाण्याची टाकी उभारली आणि १९८३ मध्ये ती सुरू झाली. प्रोटॉनचा क्षय दोघांनाही सापडला नाही. पण १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो कामिओकाच्या टाकीत टिपले गेले. जपान तिथेच थांबला नाही. त्याने त्याच परिसरात आणखी मोठी टाकी बांधली आणि या दोन टाक्यांच्या कामाला २००२ व २०१५ अशी दोनदा नोबेल पारितोषिके मिळाली. आपल्याकडे मात्र सोने काढणे परवडेनासे झाले, प्रयोग गुंडाळावे लागले आणि २००१ मध्ये खाण बंद झाल्यावर तिच्यात पाणी भरत गेले. जगातल्या सर्वात खोल प्रयोगशाळांपैकी एक आपण खाणीच्या ताळेबंदाबरोबर निकालात काढली. सोने संपले तरी ती खोली राखण्याजोगी होती, असे माझे ठाम मत आहे.

आज या शाखेतले आपले सर्वात भक्कम काम कुठे चालू असेल, तर ते उटीला. तिथे टाटा संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटर उंचीवर, डोंगरउतारावर, एकमेकींपासून आठ-आठ मीटर अंतरावर सुमारे ४०० डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारी यंत्रे, मांडलेले आहेत आणि जोडीला काँक्रीटच्या जाड थराखाली ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण आहे. विशेष म्हणजे डिटेक्टरसाठी लागणारे चमकणारे प्लॅस्टिक तिथेच तयार केले जाते. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर मोठे वादळ झाले. त्या वेळी अठरा मिनिटे म्युऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. एवढ्याशा घटीवरून शास्त्रज्ञांनी त्या ढगातला विद्युत दाब काढला, तो १३० कोटी व्होल्ट निघाला. फुगे सोडून आधी जी मोजमापे झाली होती, त्यांच्या दहापट तो होता. ढगांत एवढा दाब असू शकतो, असे भाकीत १९२९ मध्येच चार्ल्स विल्सन यांनी केले होते आणि मेघपेटीचा शोधही त्यांचाच. आमच्या काचेच्या पेटीतली रेघ आणि उटीच्या ढगातले ते व्होल्ट असे एकाच माणसाच्या विचारांत जोडलेले आहेत. पुढे २०२४ मध्ये याच प्रयोगाने विश्वकिरणांतल्या प्रोटॉनच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती प्रोटॉन येतात त्या आलेखात, सुमारे १६६ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) इतक्या ऊर्जेच्या आसपास, आजवर अपेक्षित नसलेला बदल दाखवून दिला. जगाच्या मानाने लहान खर्चात, वर्षानुवर्षे एका जागी चिकाटीने मोजत राहिल्याचे हे फळ आहे. नव्या इमारतीच्या कोनशिलेला जशी बातमी मिळते, तशी या चिकाटीला कधी मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने २१ मीटर व्यासाची मेस ही गॅमा किरणांची दुर्बीण उभारली असून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. या प्रकारच्या दुर्बिणींत आशियात तिच्याएवढी मोठी दुसरी नाही. तिचे महत्त्व नुसत्या आकारात नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या बर्फातल्या आइसक्यूब डिटेक्टरने एक प्रचंड ऊर्जेचा न्यूट्रिनो पकडला, तेव्हा तो आला त्या दिशेला इतर दुर्बिणींनी रोख वळवला आणि त्या जागी एक दूरची दीर्घिका गॅमा किरणांत भडकलेली आढळली. अशा भडक्यावर सतत नजर ठेवायची, तर पृथ्वीच्या निरनिराळ्या रेखांशांवर दुर्बिणी हव्यात. अशाच दुर्बिणी असलेल्या, अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवर उजाडलेले असते, तेव्हा हानलेला रात्र असू शकते. झारखंडमध्ये जादूगुडा इथल्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ पासून एक छोटी प्रयोगशाळा कृष्णद्रव्याच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याच्या, शोधात आहे. काम चांगले आहे, पण ती कोलारच्या पाव खोलीचीच.

आता थेनीविषयी. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात पोट्टिपुरम इथे डोंगराच्या पोटात भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, त्याच्या शेवटी गुहा आणि गुहेत ५०,००० टन चुंबकित लोखंडाच्या थरांचा डिटेक्टर. न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांची उतरंड कशी लागलेली आहे, म्हणजे कोणते जास्त आणि कोणते कमी, हे त्यावरून उलगडायचे होते. आधी निलगिरीतली सिंगाराची जागा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारामुळे २००९ मध्ये सोडावी लागली होती. थेनीच्या जागेसाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांना केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाल्याचे जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाले. पाठोपाठ मद्रास उच्च न्यायालयाची स्थगिती आली, २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली, २०१८ मध्ये ती पुन्हा मिळाली. परंतु वन्यजीव मंडळाची परवानगी हवी, ही अट राहिली आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोधच नोंदवला. डोंगर अजून खणलेला नाही. मदुराईत ८५ टनांची छोटी प्रतिकृती मात्र चालते, म्हणजे यंत्र आपल्याला करता येते, हे सिद्ध झालेले आहे. ज्या महिन्यात आपली मंजुरी जाहीर झाली, त्याच महिन्यात चीनने आपल्या जूनो या भूमिगत न्यूट्रिनो प्रयोगाच्या खोदकामाचा मुहूर्त केला आणि ऑगस्ट २०२५ पासून तो मोजमापे घेऊ लागला आहे.

थेनीच्या ग्रामस्थांना दोष देणे मला मान्य नाही. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होईल, ही भीती निराधार होती. कारण हे कण तसेही अहोरात्र आपल्या अंगातून जातच असतात. परंतु सुरुंगांनी डोंगर हादरेल का, झऱ्यांचे पाणी कुठे जाईल, गुरांची वाट बंद होईल का, हे प्रश्न ज्याची शेती तिथे आहे तो विचारणारच. पश्चिम घाटाविषयीची काळजी तर आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी समजून घ्यायलाच हवी. अशा प्रश्नांना कागदपत्रांतून आणि इंग्रजीतून उत्तरे देऊन भागत नाही. ती आधी, लोकांच्या भाषेत आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. दुसरीकडे सरकारने हो किंवा नाही असे स्पष्ट कधी सांगितलेच नाही. या वेधशाळेसाठी २००८ पासून खास अभ्यासक्रम चालवून संशोधक विद्यार्थी घडवले गेले. ज्या यंत्रासाठी ते शिकले, ते यंत्रच उभे नाही. थेनी रद्द करायचे असेल, तर तसे जाहीर करून दुसरी जागा शोधावी. करायचे असेल, तर तारीख सांगावी. जूनोने आघाडी घेतली तरी वातावरणातल्या न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांना लोहचुंबकाने वेगळे ओळखण्याची आपली पद्धत निराळी असल्याने तिची गरज संपलेली नाही.

आणि म्हणूनच हिंगोलीची चिंता वाटते. लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, अंतिम मंजुरी आणि २,६०० कोटी रुपये एप्रिल २०२३ मध्ये. मध्ये सात वर्षे गेली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेले हे यंत्र इथे आले, म्हणजे लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली तो पत्ता अमेरिकेतल्या व युरोपातल्या यंत्रांच्या जोडीने पुष्कळ नेमका सांगता येईल आणि हानलेसारख्या दुर्बिणींना त्या दिशेला तत्काळ वळता येईल. इथे डोंगर फोडायचा नाही. पण यंत्र इतके नाजूक असणार की आसपासची अवजड वाहतूक, खडी केंद्रे आणि सुरुंग यांवर पुढे बंधने येऊ शकतात. ही गोष्ट गावकऱ्यांना आजच, साध्या मराठीत, ग्रामसभेत बसून सांगितली पाहिजे. उद्या एखाद्याच्या खडी केंद्राला परवानगी नाकारली गेल्यावर ती कळता कामा नये. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ व्याख्याने देतात, त्याचे मोल मोठे आहे. पण गावात कायमचा बसणारा, प्रश्न वहीत उतरवून घेणारा आणि पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन येणारा माणूस हवा आहे.

जिल्हा प्रशासनाने आणि प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत यासाठी एक दालन उघडावे, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. तिथे येणाऱ्या हजारो माणसांना प्रकल्पाचा नकाशा दाखवावा, कामाच्या तारखा लिहून लावाव्यात आणि त्यांच्या शंका नोंदवून घ्याव्यात. आमची काचेची पेटी अजून धड आहे. कोरड्या बर्फाची सोय झाली, तर ती घेऊन यात्रेचे सर्व दिवस त्या दालनात उभा राहायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
वसमत, जि. हिंगोली