तंबोरा म्हणजे पंखा नव्हे

चि. साऊंडवाल्या मुला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. ‘नाव-बिव टाकू नका हां काकू, पोरं वर्षभर चिडवतील,’ असं तूच निघताना बजावलं होतंस. पण पत्र मात्र उघडच लिहायचं, हे मी रत्नागिरीहून परतीच्या एसटीत ठरवलं. कानाच्या मशीनबद्दल तू जे आम्हाला दहा मिनिटांत दाखवलंस ते आम्हाला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्यासारखी घरं गावोगावी असणार.

आम्ही मिरजेचे. हे लहानपणी सतारमेकर गल्लीच्या पलीकडच्या बोळात राहायचे. शाळा सुटली की दप्तर टाकून तंबोरे बनवणाऱ्यांच्या ओट्यावर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे माळ्यावर टांगलेले असत. कारागीर जवारी काढायला बसला की हे समोर मांडी ठोकून. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानसेनं जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. कधी कधी अर्धा दिवस त्यातच जायचा. ह्यांना गाता येत नाही, पेटीवर बोटं चालत नाहीत, पण चार तारांतली कुठली उतरलीय हे पलीकडच्या खोलीतून सांगायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ह्यांनी गल्लीत पेढे वाटले, जणू भोपळा ह्यांनीच कोरला होता!

आणि असा कान घेऊन माणूस एकतीस वर्षं सूतगिरणीत. रिंग फ्रेमच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या खात्यात शेजारच्याशी बोलायचं तर खुणांनी बोलायचं. कानात कापसाचे बोळे घालायचे. कापसाला तिथे तोटा नव्हता, उपयोग मात्र काडीचा झाला नाही. निवृत्त झाले तोवर वरच्या पट्टीचे आवाज गेलेच होते. मी ‘सात’ म्हटलं की हे हात पुढे करायचे. आधी हसायचो, मग हसणं कमी झालं.

तीन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना मशीनं घेतली, एक लाख तीस हजारांची. दुकानाचं नाव लिहीत नाही. बोलणं ऐकू यायला लागलं हे खरं, नातवाचा फोन पुन्हा स्वतः घ्यायला लागले. मग मोठ्या हौसेनं आम्ही एका मैफलीला गेलो. मध्यंतराच्या आधीच हे उठले. बाहेर पायरीवर मला विचारलं, “तंबोरा बंद ठेवला होता का गं?” मी म्हटलं, चांगले दोन तंबोरे होते, मागे दोन मुली बसून वाजवत होत्या. हे काही बोलले नाहीत. त्यानंतर मिरासाहेबांच्या उरुसातल्या गाण्यालासुद्धा गेले नाहीत. मिरजेच्या माणसानं, ज्या दर्ग्याच्या आवारात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे तिथल्या गाण्याला न जाणं म्हणजे काय, हे तुला रत्नागिरीत बसून कदाचित कळायचं नाही. घरातला रेडिओही हळूहळू बंद झाला. गाणं लावलं की हे बागेत जायचे. आमची बाग म्हणजे चार कुंड्या.

रत्नागिरीला ह्यांना आणलं ते समुद्राचं निमित्त करून. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा गाण्याचा महोत्सव असतो हे मला ठाऊक होतं, पण आधी सांगितलं असतं तर गुडघा दुखला असता. मिरजेहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून. मला बाई म्हणून एसटीत अर्धं तिकीट, ह्यांना पासष्टीच्या वरचे म्हणून अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एकच तिकीट. घाटात धुकं होतं, साखरप्याला चहा घेतला, आणि हातखंब्याच्या पुढे मी खरं काय ते सांगून टाकलं. “तू ऐक गाणं, मी समुद्र बघतो,” एवढंच म्हणाले.

दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनात वारा असा की मशीनमध्ये नुसती घरघर, म्हणून ह्यांनी ती काढून खिशात ठेवली. वाळूत बराच वेळ बसलो. समुद्र ह्यांना फक्त दिसत होता. हे मला तेव्हा जाणवलं नाही, संध्याकाळी जाणवलं.

पहिल्या दिवशी आम्ही हौसेनं पुढे बसलो होतो. बासरी होती. राजवाड्याच्या लाल भिंतींवर दिवे सोडलेले, खाली काजळी नदीची खाडी काळोखात गेलेली. ब्रह्मदेशाचा राजा राज्य गमावून 1886 साली इथे आला, 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं परक्या मुलखात. त्याला इथली कुठली गाणी कानावर पडली असतील, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललेलं, तोवर ह्यांनी कानातली मशीनं काढली आणि मुठीत धरून बसले. “बासरी रडतेय,” म्हणाले. “प्रत्येक लांब सूर हेलकावतोय. तो बिचारा चांगलाच वाजवत असणार.” आणि उठून मागे निघाले. मी मागोमाग.

तिथे तू होतास, बटणांच्या त्या भल्यामोठ्या टेबलामागे. तू ह्यांच्या मुठीकडे बघितलंस आणि म्हणालास, “काका, मशीन नीट नाय का? माझ्या आजीचं पण असंच.” आमच्या पिढीला कानाच्या मशीनबद्दल कुणी परक्यानं विचारलं की कसंनुसं होतं. हे तर चष्मा मिरवतील पण मशीन टोपीखाली लपवतील. पण तू इतक्या सहज विचारलंस, की जणू माईकच नीट चालत नाहीये! ह्यांनी मूठ उघडली.

वादक सूर लावून घेत होता तेवढ्यात तू जे सांगितलंस ते मी तुझ्याच शब्दांत सगळ्यांना सांगतेय, चुकलं तर माझं. ही मशीनं बोलणं ऐकण्यासाठी केलेली असतात. बोलणं म्हणजे तुटक: आवाज, थांबा, आवाज, थांबा. न थांबता एकसारखा चालू राहतो तो आवाज म्हणजे पंखा, गाडीचं इंजीन, मिक्सर, असं मशीन समजतं आणि तो दाबून टाकतं. “काका, तुमच्या मशीनला वाटतं तंबोरा म्हणजे पंखा.” बासरीचं वेगळंच. मशीन कधी कधी स्वतःच शिट्टी मारतं, ती शिट्टी मोडायची सोय त्याच्यात असते. बासरीवाल्यानं लांब सूर धरला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजली, आणि ते तिचा गळा धरायला जातं. त्यात तो सूर हलतो.

ह्यांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा, मी शपथेवर सांगते, तीन वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं बघितलं. हे तीन वर्षं समजत होते की आपला कानच बेसूर झालाय. सतारमेकर गल्लीत कमावलेला कान गिरणीनं पुरता खाल्ला, असं धरून चालले होते. तू म्हणालास, “कान नाय बिघडलाय काका, मधला माणूस बिघाड करतोय.”

मग तू ह्यांचा मोबाइल मागितलास. त्यातलं मशीनचं ॲप आम्ही कधी उघडलंसुद्धा नव्हतं, नातवानं घालून दिलं तसंच पडून होतं. त्यात संगीतासाठी वेगळी निवड होती, एका बोटाची. ती केलीस, गोंगाट दाबण्याचा आकडा खाली आणलास, शिट्टीची सोय जेवढी कमी होईल तेवढी केलीस. आम्हाला पुढच्या स्पीकरसमोरून उठवून तुझ्या शेजारी दोन खुर्च्या दिल्यास. तरी तबल्याचा ठोका ह्यांना फाटका येत होता. तेव्हा तू खिशातून सेलोटेप काढलीस! मशीनच्या इवल्याशा माईकवर एकावर एक तीन तुकडे चिकटवलेस. सव्वा लाखाच्या वस्तूला दहा रुपयांची टेप. माझा जीव खालीवर. पण आवाज आत शिरतानाच मोठा आला तर मशीनच्या पोटातच फाटतो, नंतर बारीक करून उपयोग नाही, म्हणून दारातच थोडा अडवायचा, हे तू सांगितलंस आणि मला पटलं. आमच्याकडे पाहुणे जास्त आले की दार अर्धंच उघडतो, तसं.

मिरजेला परतल्यावर आम्ही कानाच्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेलो. टेप बघून त्या हसल्या, पण ‘पोरानं बरोबर केलं’ असंच म्हणाल्या. टेप काढून त्यांनी मशीनमध्येच संगीताचा वेगळा कप्पा नीट बसवून दिला आणि बोलण्याचा कप्पा होता तसा ठेवला. म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं, टेप लावत बसू नका, तपासणाऱ्याला सरळ विचारा: गाणं ऐकायचंय, त्याची सोय करून द्या. आम्ही विचारलंच नव्हतं आणि विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक सत्तरीचं दिसलं की त्याला फक्त ‘जेवलात का’ एवढंच ऐकायचं असेल असं लोक धरून चालतात की काय, कोण जाणे.

आता दुसऱ्या दिवसाबद्दल, कारण खरं पत्र त्यासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी गाणं होतं. हे सहालाच तयार होऊन बसले, इस्त्रीचा झब्बा. तुझ्या शेजारच्या त्याच खुर्च्या. पडदा-बिडदा नव्हताच, त्यामुळे तंबोरे स्टेजवर लावताना सगळ्यांना दिसत होते. लोक गप्पा मारत होते, मुलं पळत होती, कुणी कुणाला हाक मारत होतं. हे मात्र मान किंचित डावीकडे कलती करून बसलेले. ही मान मी लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा बघितली होती. मधल्या दोन तारा जुळल्या, खर्ज लागला. मग पहिल्या तारेवर गवयाचा हात बराच वेळ होता, खुंटी थोडी, तार बारीक जुळवायचा मणी थोडा. ह्यांनी माझा हात दाबला. “पंचम नाही लावलेला,” म्हणाले. “निषाद आहे.”

मला चटकन कळलं नाही. ह्यांनी शाळामास्तरासारखं समजावलं (शाळामास्तर खरं तर मी, तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेत). पहिली तार एरवी पंचमाची, म्हणजे ‘प’ची. ज्या रागात पंचमच नाही तिथे ती दुसऱ्या सुराला लावतात. संध्याकाळची वेळ आणि तार निषादाला, म्हणजे गवई अजून खाकरलासुद्धा नाही तोवर काय येणार ते दोन-तीन रागांवर येऊन ठेपतं. “मारवा येणार,” हे म्हणाले, जरा मोठ्यानंच, मशीनवाल्या माणसांचा आवाज मोठा असतो. तू हेडफोन एका कानावरून सरकवलास आणि म्हणालास, “पुरिया असंल काका. दहा रुपये.”

तू नंतर बघितलंस की नाही माहीत नाही, तुझं लक्ष तुझ्या बटणांवर होतं. पहिला षड्ज लागला तेव्हा ह्यांचे डोळे मिटलेले होते. मी गाण्याकडे कमी आणि ह्यांच्याकडे जास्त बघत होते, हे कबूल करते. पंधरा-वीस मिनिटांनी हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “दव पडायला लागलंय. उजवीकडचा तंबोरा उतरतोय, बघ.” आणि खरोखर, दोन मिनिटांत त्या मुलीनं खुंटीला हात घातला. ह्यांना झालेला आनंद असा होता, की जणू उतरलेला तंबोरा हीच त्या रात्रीची सर्वांत सुंदर गोष्ट.

पुरियाच निघाला. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषाद-गंधारावरून हे तिसऱ्याच आवर्तनाला ‘हरलो’ म्हणाले आणि तुला दहाची नोट दिली. तू ती शर्टाच्या खिशात ठेवलीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा भाट्याला गेलो. ह्यांनी मशीनं काढली नाहीत. गाण्याच्या कप्प्यावर ठेवून पाण्याच्या अगदी कडेला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. वाऱ्याची घरघर होतीच. पण लाट फुटते, तिचं पाणी वाळूत जिरताना बारीक चुरचुर होते, ती ऐकू येते म्हणाले. मला विचारलं, “ही पहिल्यापासून होती?”

तुझ्या आजीसाठी भडंग पाठवलंय, आर्ट सर्कलच्या पत्त्यावर, डबा वेगळा आहे, त्यात तिखट कमी. तुझ्यासाठीचा मोठा. सेलोटेपचं तुझं रीळ घाईत आमच्या पिशवीत आलं, ते डब्याच्या तळाशी आहे. तिच्या मशीनमध्ये गाण्याचा कप्पा बसवून घेतलास का? घेतला नसलास तर आधी ते कर. कीर्तनाला तिला पेटी कशी ऐकू येते तेही विचार.

आणि एक. निरोप घेताना तू हसत कबूल केलंस की दुपारी साऊंड चेकला त्या गवयानं पुरियाच गुणगुणला होता, म्हणून तू पैज लावलीस. मी हे ह्यांना दोन आठवडे सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ह्यांचं म्हणणं आहे की ते दहा रुपये परत कर. पुढच्या जानेवारीत आम्ही येतोय, तेव्हा रोख.

तुझी,
मिरजेची काकू