नव्वद टक्के आणि एडीएचडी

‘नव्वद टक्के मिळवणाऱ्याला कसला एडीएचडी?’ असा सूर असलेला, एडीएचडी (अवधानदोष आणि अतिचंचलतेचा विकार) यावरचा आपल्या अंकातील लेख पटला नाही. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांत गुणांची अट कुठेच नाही. वयाच्या १७ वर्षांपासून पुढे अवधानदोषाच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणे ६ महिने टिकून, घर आणि कॉलेज अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यातली काही १२ व्या वर्षाआधीची हवीत. हुशार मूल जागरणे आणि आईची देखरेख यांच्या बळावर दहावी निभावून नेते (कौतुकात कोणाच्या लक्षातही येत नाही). वसतिगृहात तो आधार सुटला की घडी विस्कटते. मात्र त्रास बारावीनंतरच सुरू झाला असेल, तर आधी झोप, चिंता, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासावे. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना शिक्षकांचे शेरे असलेली प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके न्यावीत.

– एक समुपदेशक, नाशिक