याद्या अनेक, गरीब तेच
जगातील ५२.४ टक्के लोकांना किमान एका सामाजिक सुरक्षा योजनेचा आधार आहे. अल्प उत्पन्न देशांत मात्र जेमतेम दहातल्या एकाला, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४चा अहवाल सांगतो. पैसा अपुरा आहेच, पण ताळमेळही नाही. या देशांत एक आंतरराष्ट्रीय मदतसंस्था धान्य देते, दुसरी रोख रक्कम, तिसरी मुलांसाठी भत्ता. प्रत्येकीची यादी वेगळी, सर्वेक्षण वेगळे. एखाद्या विधवेला तेच प्रश्न तीनदा विचारले जातात आणि तिची शेजारीण एकाही यादीत नसते! जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अध्यक्षतेखाली अशा संस्थांचे समन्वय मंडळ २०१२ पासून आहे. बैठका पुरे झाल्या. लाभार्थींची सामाईक नोंद त्या-त्या देशाच्या सरकारकडेच ठेवावी आणि सर्वांनी तिच्यावरूनच मदत वाटावी. संस्थांचे फलक काय, नंतरही लावता येतील.