नाताळच्या आधीचे दिवस

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, तू विचारलंस की एकच सण कुठे २५ डिसेंबरला आणि कुठे ७ जानेवारीला कसा? फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. जुन्या ज्युलियन कालगणनेत न चुकता दर चौथं वर्ष लीप धरतात. पृथ्वीचं वर्ष त्याहून किंचित लहान असल्यामुळे ती गणना मागे पडत गेली. आज ती १३ दिवस मागे आहे, म्हणून तिचा २५ डिसेंबर ७ जानेवारीला उजाडतो. रशिया आणि सर्बियातली ऑर्थोडॉक्स चर्चं अजून तीच धरतात. युक्रेनने मात्र २०२३ मध्ये सरकारी सुट्टी २५ डिसेंबरवर आणली.

तारखेपेक्षा मला आधीचा उपास जास्त महत्त्वाचा वाटतो. सणाच्या ताटात काय वाढायचं, ते बऱ्याच देशांत त्यावरच ठरतं.

पोलंडमध्ये मुख्य जेवण २४ च्या संध्याकाळी असतं, त्याला विगिलिया म्हणतात. पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. मांस वर्ज्य, मासे चालतात. पदार्थ बहुतेक घरी १२, येशूच्या १२ प्रेषितांसाठी. टेबलावरच्या कापडाखाली, येशूला जन्मल्यावर ठेवलं त्या गव्हाणीची आठवण म्हणून मूठभर वाळलेलं गवत ठेवतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान जास्तीचं मांडतात. जेवणाआधी कागदासारखी पातळ पांढरी पोळी, ओप्वातेक, प्रत्येकाच्या हातात असते. दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या. घरातल्या प्रत्येकाशी हे करायचं असतं, त्यामुळे अबोला धरलेल्यांनाही समोरासमोर यावंच लागतं. मला ही रीत फार मोलाची वाटते.

या जेवणातलं बीटचं आंबट सूप, बार्श्च, आठवडाभर आधी सुरू करावं लागतं. १ किलो बीट सोलून जाड चकत्या करायच्या. काचेच्या बरणीत चार-पाच लसणाच्या पाकळ्या, तमालपत्र आणि मिरी घालून त्यावर उकळून गार केलेलं दीड लिटर पाणी ओतायचं. मीठ लिटरमागे एक मोठा चमचा. कापड बांधून बरणी ५ ते ७ दिवस बाहेरच ठेवायची. बीट पाण्याबाहेर डोकावलं की बुरशी धरते, म्हणून वर छोटी बशी दाबून ठेवतात. पांढरा फेस आला तर काढून टाकायचा, पण केसाळ बुरशी दिसली तर सगळंच फेकायचं. हे आंबट पाणी भाज्या आणि सुक्या अळंब्यांच्या उकळलेल्या पाण्यात अगदी शेवटी घालतात. त्यानंतर फक्त गरम करायचं. उकळी फुटली की बीटचा लाल रंग तपकिरी पडतो, आणि आठवड्याची मेहनत दिसायला तरी वाया जाते.

इथिओपियात नाताळला गेन्ना म्हणतात, तो ७ जानेवारीला. आधीचे ४३ दिवस मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. त्यामुळे उपास सुटतो तो डोरो वोत या कोंबडीच्या तिखट रश्श्याने. भरपूर कांदा अगदी बारीक चिरून आधी तेलाशिवाय मंद आचेवर परतायचा. पाऊण तास तरी लागतो, आणि इथेच घाई नडते. कांदा पुरता विरघळला नाही तर रस्सा मिळून येत नाही, पाणी वेगळं सुटतं. मग मसाल्याचं लोणी, बेर्बेरे ही लाल मिरचीची पूड, कोंबडीचे रिवाजाने १२ तुकडे आणि शेवटी उकडलेली अंडी.

फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना असते. नांगराला जाण्याआधी शेतकऱ्यांना येता यावं म्हणून ती वेळ पडली. त्या अंधारातली वाट दाखवणारा ताऱ्याचा कंदील म्हणजे पारोल. बाबा, हा भाग तुमच्यासाठी. बांबूच्या सारख्या लांबीच्या १० पट्ट्या घ्यायच्या, ५-५ च्या दोन चांदण्या बांधायच्या. एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं घट्ट बांधायची. मग आतल्या बाजूला पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन चांदण्यांच्या मध्ये ५ आखूड काड्या अडकवायच्या. चांदणीला पोट येतं ते याच काड्यांमुळे. पट्ट्यांच्या लांबीत थोडा जरी फरक पडला तरी टोक वाकडं होतं आणि वरचा पातळ कागद तिथेच फाटतो, म्हणून पट्ट्या एकदम धरून एकत्र कापा.

तुमची,
लेक