कृषिमंत्री साहेब, एकदा पान उलटून बघायला सांगा

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

भेंडीच्या पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे पेरणीलाच अनुदानावर देऊ, असं मेळाव्यात सांगितलं होतं. ते परवा आले. तोडे संपत आलेत. त्याच दिवशी पाहणी उरकली आणि कागदावर नोंद पडली, 'हळद्या रोग'.

साहेब, हळद्यात शिरा पिवळ्या पडतात, मधला भाग हिरवा राहतो. इथे कडा पिवळ्या पडून वर वळल्या, पानाचा द्रोण झाला, मग कडा विटकरी होऊन करपल्या. पान उलटलं असतं तर तुडतुड्यांची फिकट हिरवी पिल्लं खेकड्यासारखी तिरकी पळताना दिसली असती. पण त्यासाठी वाकावं लागतं.

मोजणं अवघड नाही. सकाळी लवकर वीस झाडं निवडायची, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान बघायचं. साठ पानांवर एकशेवीसच्या वर, म्हणजे पानामागे दोनपेक्षा जास्त तुडतुडे भरले, की फवारणी. त्याआधी निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणचुरा घालून शंभर लिटर करायचं. फवारा संध्याकाळी आणि नोझल वर तोंड करून, कारण किडा पानाखाली असतो. वरून झोडपलं तर औषध मातीला.

हे सांगायला माणूस नाही, म्हणून दुकानाचा काउंटर हेच आमचं कृषी विद्यापीठ. तिथे एकाच गटाची औषधं नाव बदलून तीनदा मिळतात. किडा सरावतो, मित्रकीटक मरतात. वर युरिया 'थोडा वाढवा' म्हणतात. कोवळ्या लुसलुशीत पानावर तुडतुडे आणखी तुटून पडतात. एका फवारणीला औषध-मजुरी धरून एकरी हजार-दीड हजार तरी जातात, हंगामात सात-आठ फवारण्या. तालुक्याचा हिशेब तुमच्या खात्याने करावा, आकडे तयार करण्यात ते पटाईत आहे. आणि एक दिवसाआड तोडा होणाऱ्या भाजीत औषधानंतर किती दिवस थांबायचं, हे खाणाऱ्यालाही कुणी सांगत नाही. 2017 साली यवतमाळात फवारताना माणसं गेली, तेव्हा तपास पथक नेमलं गेलं. तुडतुड्यांना मात्र पथकाची भीती वाटत नाही.

मागणी एवढीच: पाहणीला येणाऱ्याच्या हातात भिंग द्या, आणि सापळे पेरणीनंतर पंधरा दिवसांत, एकरी दहा-बारा. पाठवताना रंगही तपासा. परवाच्या गठ्ठ्यात निम्मे निळे निघाले. ते फुलकिड्यांचे असतात.

आपला,
एक भेंडीवाला